शेवटच्या बाँडपटात हेरगिरी कुठे आहे?

अमळनेरकर

पुढच्या बाँडपटाचे दिग्दर्शन डेनी विलनव्ह करणार, ही घोषणा जून २०२५ मध्ये झाली आणि तेव्हापासून आमच्या घरी जुन्या बाँडपटांची उजळणी सुरू आहे. डॅनियल क्रेगचे पाचही चित्रपट आम्ही ओळीने पाहिले. पाचव्यापाशी, म्हणजे 'नो टाइम टू डाय'पाशी, पोहोचल्यावर २०२१ साली जशी निराशा वाटली होती तशीच ती पुन्हा वाटली, आणि ती नायकाच्या मृत्यूमुळे नाही हेही या वेळी स्पष्ट झाले. ती कशामुळे आहे, हे सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. पुढे कथानकाचा शेवट उघड केला आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी कृपया येथेच थांबावे.

हा चित्रपट भारतात ३० सप्टेंबर २०२१ रोजी लागला तेव्हा महाराष्ट्रातील चित्रपटगृहे करोनामुळे बंद होती. ती २२ ऑक्टोबरला निम्म्या आसनक्षमतेने उघडली. कापसाची वेचणी ऐन भरात होती, दिवाळी तोंडावर आली होती, तरीही वडिलांना घेऊन मी जळगावला गेलो, कारण दीड वर्षात आम्ही दोघांनी एकत्र कोणताही चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिला नव्हता. वडील शेतकरी आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही, पण हिंदीत भाषांतरित झालेले बाँडपट त्यांनी आवडीने पाहिलेले आहेत. मध्यंतरात चहा घेताना त्यांनी मला अहिराणीत एकच प्रश्न विचारला: "मंग हाऊ करस काय?" हा माणूस नेमके करतो काय, असे त्यांना विचारायचे होते. मला उत्तर देता आले नाही.

गेली चार वर्षे तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे, कारण माझ्या मते चित्रपटाचा दोष त्यात अचूक सापडतो. आपण कथानकच तपासून पाहू. बाँड निवृत्त होऊन जमैकात राहतो आहे. त्याचा अमेरिकी हेर मित्र फीलिक्स लायटर येऊन त्याला कामगिरी सांगतो. क्यूबामधील मेजवानीत तो पोहोचतो आणि तेथे स्पेक्टर या गुन्हेगारी संघटनेचे सारे सभासद त्याच्या डोळ्यांदेखत मरतात, परंतु ते त्याच्या कोणत्याही डावपेचामुळे मरत नाहीत. शास्त्रज्ञ ओब्रुचेव्हने वंशखुणा ओळखून मारणाऱ्या सूक्ष्म यंत्रांचे अस्त्र आधीच त्यांच्यावर फिरवून ठेवलेले असते. लंडनच्या तुरुंगात तो स्पेक्टरच्या प्रमुखाला, ब्लोफेल्डला, भेटतो, त्याचा गळा धरतो, आणि ब्लोफेल्ड मरतो तोही बाँडच्या हाताला नकळत लागलेल्या सूक्ष्म यंत्रांमुळे. खलनायक सफीनच्या कुळाची आणि त्याच्या बेटाची माहिती त्याला प्रेयसी मादलेनच्या वडिलांच्या कागदपत्रांतून मिळते. म्हणजे या चित्रपटात बाँडला एकही महत्त्वाची गोष्ट स्वतःच्या बुद्धीने शोधून काढावी लागत नाही. तो धावतो, गोळ्या झाडतो, जखमी होतो, रडतो, पण पाळत ठेवत नाही, सोंग घेत नाही, कुणाला बोलते करत नाही, दोन कहाण्यांतील विसंगती पकडत नाही. हेराचे काम त्याच्याकडून काढून घेतले आहे.

याउलट २००६ चा 'कसिनो रॉयाल' आठवावा. माँटेनिग्रोतील पत्त्यांच्या टेबलावर बाँड आणि खलनायक ल शिफ्र समोरासमोर बसतात, आणि कित्येक मिनिटे दोन माणसे एकमेकांचे चेहरे वाचत आहेत यापलीकडे काहीही घडत नाही, तरी आपण श्वास रोखून बसतो. खोटा डाव खेळताना ल शिफ्रचा हात डोळ्याजवळ जातो, हे बाँडने हेरलेले असते. त्याच खुणेवर विश्वास ठेवून तो सगळे पैसे लावतो आणि हरतो, कारण ल शिफ्रने ती खूण मुद्दाम दाखवलेली असते. ही चूक बाँडची स्वतःची आहे, त्याच्या अहंकारातून आलेली आहे, आणि तिची किंमत तो स्वतः मोजतो. हेराचे यश आणि अपयश दोन्ही असे असावे. अखेरच्या चित्रपटात इटलीतील मातेराच्या रस्त्यांवर त्याने मादलेनवर घेतलेला संशय ही या जातीची एकमेव चूक आहे, आणि म्हणूनच तो सुरुवातीचा भाग मला आजही उत्तम वाटतो. पाच वर्षांनंतर मात्र त्या संशयाचा निकाल तो स्वतः लावत नाही. मादलेन निर्दोष होती हे ब्लोफेल्डच बोलून टाकतो.

आणि सफीन. रामी मलेक गुणी अभिनेता आहे यात शंका नाही, परंतु त्याला दिलेली भूमिका अर्ध्यावर संपते. स्पेक्टरने त्याचे कुटुंब मारले, त्याने स्पेक्टर संपवले, ब्लोफेल्डही गेला. त्याचा सूड मध्यंतराच्या आसपासच पुरा होतो. त्यानंतर त्याला लाखो माणसे का मारायची आहेत, हे तो संथ आवाजात पुष्कळ बोलूनही सांगू शकत नाही. ज्या शत्रूला काय हवे आहे हे कळत नाही, त्याच्या मनाचा ठाव घेण्याचे काम नायकाला तरी कसे देणार?

आपली मते वाचण्यास उत्सुक आहे. मतभेद असल्यास ते अवश्य मांडावेत.

नंदुरबारकर

अमळनेरकर, आपण धागा मनापासून लिहिला आहे, म्हणून माझा मतभेदही तितक्याच मनापासून मांडतो.

मी हा चित्रपट पहिल्याच शनिवारी सुरतला पाहिला. आमच्याकडची चित्रपटगृहे बंद होती, गुजरातेतील सुरू होती, आणि नंदुरबारहून सकाळच्या गाडीने सुरतला जाऊन रात्री परत येणे आम्हाला नवीन नाही. कापडाच्या खरेदीला आणि दवाखान्याला आमची माणसे तसेही तिकडेच जातात. चित्रपटगृहात माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ शेवटच्या प्रसंगात डोळे पुसत होते. मीही पुसत होतो. माझी मुलगी त्या वेळी चार वर्षांची होती, आणि बेटावर क्षेपणास्त्रे येण्याच्या क्षणी बाँडच्या खांद्यावरील पट्ट्यात त्याच्या लेकीचे, मातील्दचे, कापडी खेळणे खोचलेले दिसते, ते पाहिल्यावर कथानकातील कच्चे दुवे मोजण्याची माझी इच्छाच राहिली नाही.

हेरगिरी कमी आहे हे मान्य. परंतु क्रेगच्या पाच चित्रपटांची कथा मुळातच एका माणसाच्या मनाची कथा आहे. 'कसिनो रॉयाल'मधील प्रेयसी व्हेस्परने फसवल्यावर ज्याने कुणावरही विश्वास ठेवायचे सोडले, तो अखेरीस विश्वास ठेवायला शिकतो. ते शिकणे मला पत्त्यांच्या डावापेक्षा मोठे वाटते. बेटावरील जिन्यातील मारामारी एका दमात चित्रित केल्यासारखी आहे, तिच्यात त्याच्या थकलेल्या शरीराचे वजन प्रत्येक पायरीवर जाणवते. क्यूबातील तरुण हेर पालोमाचा प्रसंग तर इतका आनंददायी आहे की ती दहा-बारा मिनिटांत निघून जाते याचेच वाईट वाटते.

सफीनबद्दल मात्र पूर्ण सहमत.

अमळनेरकर

नंदुरबारकर, खेळण्याचा तो प्रसंग मलाही हलवून गेला, हे लपवत नाही. माझी तक्रार अशी आहे की तो प्रसंग त्या चित्रपटाने पुरेसा कमावलेला नाही. मातील्द पडद्यावर येते तेव्हा चित्रपटाचा बराचसा भाग उलटून गेलेला असतो, आणि बाप-लेकीला एकत्र मिळतो तो एक सकाळचा नाश्ता आणि एक पाठलाग. पालोमाला आपण जी मिनिटे कमी पडली म्हणता, तीच मिनिटे या दोघांनाही कमी पडली आहेत.

दुसरी एक गोष्ट मूळ धाग्यात लिहायची राहून गेली. हेराक्लिस नावाचे हे सूक्ष्म यंत्रांचे अस्त्र बाँडचा वरिष्ठ 'एम' याच्या संमतीने, गुपचूप, स्वतःच्याच देशाच्या प्रयोगशाळेत तयार झालेले आहे. या एका गोष्टीत संपूर्ण हेरपट दडलेला होता: आपल्याच कार्यालयाने केलेले पाप शोधून काढणारा निवृत्त हेर आणि त्याला अडवणारा त्याचा जुना वरिष्ठ. चित्रपटात मात्र दोघांची दोन-तीन वेळा तणतण होते आणि शेवटी 'एम' दुःखी चेहऱ्याने पेला उचलून श्रद्धांजली वाहतो. ज्या अस्त्रामुळे बाँडवर मरणाची पाळी आली ते कुणी बनवले, याची चौकशी त्या खोलीत कुणीही करत नाही. मला तो प्रसंग बघवत नाही.

भुसावळकर

मी रेल्वेतून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षे झाली. बाँडपट पाहू लागलो ते रॉजर मूर यांच्या काळात, भुसावळच्या टॉकीजमध्ये, रात्रपाळी संपवून झोप मोडून. त्यामुळे थोडे लांबून पाहून लिहितो.

ही मालिका १९६२ पासून चालू आहे आणि ती अनेकदा रुळांवरून घसरलेली आहे. १९७९ साली बाँडला थेट अवकाशात पाठवले गेले. पुढचा चित्रपट १९८१ साली आला तो पुन्हा जमिनीवर आलेला, साधा आणि घट्ट होता. १९८३ मध्ये त्याला उदयपूरला आणले, तेव्हा विजय अमृतराज आणि कबीर बेदी यांना पडद्यावर पाहून आम्ही शिट्ट्या वाजवल्या होत्या, जरी त्यातला भारत आम्हाला ओळखीचा वाटला नाही. २००२ साली अदृश्य होणारी मोटार आली आणि त्यानंतर चार वर्षांनी तो पत्त्यांचा डाव आला ज्याचे अमळनेरकरांनी इतके सुंदर वर्णन केले आहे. अतिरेक झाला की मालिका मागे फिरते, हा तिचा जुना स्वभाव आहे.

मला खटकते ते वेगळेच. १९६९ च्या चित्रपटात लग्नानंतर काही वेळातच बाँडची पत्नी ट्रेसी गोळी लागून मरते, आणि तो तिला मांडीवर घेऊन म्हणतो की आमच्याकडे पुष्कळ वेळ आहे. कोणतेही स्पष्टीकरण नाही, कोणतेही भाषण नाही. सेकंदभरात सारे संपते आणि चित्रपटही तिथेच संपतो. नव्या चित्रपटाने तेच वाक्य मातेरात आणि पुन्हा अखेरीस घेतले, त्याच जुन्या चित्रपटातील लुई आर्मस्ट्राँग यांचे गाणे शेवटी लावले. गाणे सुरू झाले तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि घरी आल्यावर लक्षात आले की ते ट्रेसीसाठी भरून आले होते. ही उसनवारी मला आवडली नाही.

एका बाबतीत मात्र मी चित्रपटाची बाजू घेईन. एकदा ही यंत्रे अंगात शिरली की ती काढता येत नाहीत आणि ज्या माणसाच्या वंशखुणा त्यांत भरल्या आहेत त्याला स्पर्शानेच मारतात, हा नियम ब्लोफेल्डच्या मृत्यूत आपल्याला आधी दाखवलेला आहे. आमच्या एकेरी मार्गावर गोळा हातात पडल्याशिवाय चालक गाडी पुढे काढत नसे. गोळा म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण. हा नियम ज्याला माहीत असेल त्यालाच समोरून येणारा दिवा पाहून धडकी भरते. चित्रपटाने नियम आधी सांगितला, हे त्याने बरोबर केले. चुकले ते पुढे. शेवटच्या काही मिनिटांत सफीन एक कुपी फोडतो आणि बाँडच्या नशिबाचा निकाल लागतो. बाँडने काही निवडले आणि त्यामुळे तो तिथे पोहोचला, असे झालेच नाही. क्षेपणास्त्रांना वाट मिळावी म्हणून बेटावरील झाकणे उघडायला परत गेला हे त्याचे शौर्य खरे, पण कुपीपुढे ते शौर्य निरुपयोगी ठरते.

धुळेकर

भुसावळकर काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी एवढेच जोडतो की चित्रपटाची लांबी १६३ मिनिटे आहे आणि ती जाणवते. नॉर्वेच्या जंगलातील पाठलाग संपेपर्यंत माझा मोठा भाऊ झोपला होता. 'क्वांटम ऑफ सोलेस' १०६ मिनिटांचा होता. तो क्रेगच्या चित्रपटांत दुबळा समजला जातो, पण निदान त्यात आळस नव्हता.

चाळीसगावकर

मला सर्वांत जास्त राग आला तो ००७ हा क्रमांक दुसऱ्या व्यक्तीला, तेही एका स्त्रीला, दिल्याचा. साठ वर्षांची ओळख अशी वाटून टाकायची नसते.

रावेरकर

चाळीसगावकर दादा, क्रमांक हा पदाचा असतो. तलाठी बदलून गेला तर सजा रिकामा ठेवत नाहीत. बाँड पाच वर्षे नोकरीत नव्हता, त्या काळात ते पद दुसऱ्या कुणी सांभाळणे अगदी स्वाभाविक आहे. नवी ००७ झालेल्या नोमीबाबत खरी तक्रार करायची असेल तर ती अशी करावी की तिला करण्याजोगे काम दिलेले नाही. ती रुबाबात येते, बाँडशी स्पर्धा करते, आणि मग बेटावर जाण्याआधी स्वतःहून तो क्रमांक त्याला परत देऊन टाकते. अमळनेरकरांचा मुद्दा तिलाही लागू होतो. या चित्रपटात कोणत्याच हेराला हेरगिरी करू दिलेली नाही.

आता मूळ विषयाकडे येते. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि घरी केळीची बाग आहे, त्यामुळे हेराक्लिसची कल्पना मला इतरांपेक्षा जास्त भीतिदायक वाटली. आमच्या भागात ऊतिसंवर्धित रोपांची लागवड मोठी आहे. एकाच मातृवृक्षापासून वाढवलेली ती रोपे वंशदृष्ट्या एकसारखी असतात. त्यामुळे घड एकसारखे येतात, कापणी एका वेळी होते, बाजारात भाव मिळतो. पण ज्या रोगाला एक झाड बळी पडेल त्याला पूर्ण बाग बळी पडू शकते. कुकुंबर मोझॅक विषाणूने पिवळे पट्टे पडलेली झाडे उपटून टाकण्याची वेळ आमच्या तालुक्यातील पुष्कळ शेतकऱ्यांवर आलेली आहे, आमच्यावरही आलेली आहे. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि तो विषाणू पसरवतो. शेतकऱ्याला कळते तोपर्यंत उशीर झालेला असतो. वंशाच्या खुणा ओळखून मारणारे, एका माणसाला मारता मारता त्याच्या नातेवाइकांनाही मारणारे अस्त्र म्हणजे काय, हे ज्याने उभी बाग उपटली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

शिवाय प्रदर्शनाचा काळ पाहा. चित्रीकरण २०१९ मध्येच पूर्ण झाले होते, म्हणजे करोना येण्यापूर्वी. तरीही २०२१ च्या ऑक्टोबरात, मुखपट्टी लावून, एक आसन सोडून बसलेल्या प्रेक्षकांसमोर 'ज्याच्यावर प्रेम आहे त्याला आता कधीच हात लावता येणार नाही' असा शेवट आला. आमच्या घरात त्या वर्षी आजी गेल्या आणि आम्हाला त्यांच्याजवळ जाऊ दिले नव्हते. इतके सामर्थ्यवान बीज हाती असताना लेखकांनी ते एका विषारी बागेच्या मालकाला देऊन टाकले, ज्याच्या बागेतील एकही वनस्पती कथेत कामाला येत नाही! ती बागही इयान फ्लेमिंग यांच्या १९६४ च्या कादंबरीतून आलेली आहे. तिथे ती ब्लोफेल्डची आहे, आणि लोक तिच्यात मरायला स्वतःहून येतात, ही त्यातली थरकाप उडवणारी गोष्ट आहे. चित्रपटाने भिंती आणि झाडे घेतली, थरकाप मागेच ठेवला.

माझी निराशा म्हणून अमळनेरकरांपेक्षा थोडी वेगळी आहे. त्यांना हेर हवा होता. मला ते अस्त्र कुणी विकत घेणार आहे, कुणाविरुद्ध, कोणत्या देशासाठी, हे कळायला हवे होते. खरेदीदार बोटींतून येत आहेत एवढे सांगितले जाते आणि त्यांचे चेहरेही आपल्याला दिसत नाहीत.

नंदुरबारकर

रावेरकर ताई, स्पर्शाबद्दल आपण जे लिहिले आहे ते वाचून मला माझे सुरतचे अश्रू अधिक कळले. त्या वर्षी आपल्यापैकी प्रत्येकाने कुणाला तरी काचेआडून निरोप दिला होता. कदाचित आम्ही चित्रपटाला आमचे दुःख उसने दिले आणि तो चित्रपटाचा गुण समजलो. तरीही मी तो प्रसंग वाईट म्हणणार नाही. सफीनचे खरेदीदार कोण, हा प्रश्न मात्र मला चार वर्षांत एकदाही पडला नव्हता आणि आता तो डोक्यातून जाणार नाही.

भुसावळकर

ताई, ब्लोफेल्डबद्दल एक वाक्य. २०१५ च्या चित्रपटात त्याला बाँडच्या बालपणाशी जोडून, ज्या घरात बाँड वाढला त्या घरातला मुलगा केले, तिथपासूनच ही गाडी चुकीच्या मार्गावर गेली असे मला वाटते. जगाचे शत्रू एकदा घरातले भांडण होऊन बसले की खरेदीदार, देश, राजकारण यांना कथेत जागा उरत नाही. सफीनही मादलेनच्या लहानपणातूनच आणावा लागला तो त्यामुळे.

अमळनेरकर

भुसावळकर काका, आपण मूळ कारणावर बोट ठेवले आहे. सगळे वैर खासगी झाले की हेराला हेर म्हणून पाठवणारेच कुणी उरत नाही. तो केवळ एक दुखावलेला माणूस राहतो. नंदुरबारकरांना तो दुखावलेला माणूस भावला, आणि तो का भावला हे मला या चर्चेमुळे आधीपेक्षा चांगले समजले आहे. रावेरकर ताईंचा बागेचा मुद्दा मी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी गुलाबी बोंडअळीच्या वर्षाची आठवण काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढच्या चित्रपटाकडून माझी अपेक्षा लहान आहे. श्रेयनामावलीच्या शेवटी बाँड परत येईल असे नेहमीप्रमाणे लिहिलेले होतेच. तो परत येईल तेव्हा त्याला एका खोलीत एका खोटे बोलणाऱ्या माणसासमोर बसवावे, आणि त्या माणसाचे खोटे त्याने आपल्या देखत ओळखावे. स्फोट त्यानंतर हवे तेवढे करावेत.

हा धागा काढल्यानंतरच्या रविवारी आम्ही 'कसिनो रॉयाल' हिंदीतून पुन्हा पाहिला. पत्त्यांचा डाव सुरू झाल्यावर वडील खाटेवर पुढे सरकून बसले. त्यांना तो खेळ येत नाही, त्याचे नियमही मी सांगितले नव्हते. ल शिफ्रचा हात डोळ्याजवळ गेला, बाँडने सगळे पैसे पुढे ढकलले, आणि पत्ते उघडण्याआधीच वडील म्हणाले, "हाऊ मुद्दाम करी राह्यना."